जैबूनची जवारी

कार्तिकातले ऊन मिरजेच्या गच्च्यांवर उतरते ते मंदपावली, मधुवर्णी, मायाळू. कृष्णेवरून आलेले धुके गल्लीच्या तोंडाशी जरा घुटमळते आणि विरून जाते. मग गच्चीगच्चीवर वाळत घातलेले भोपळे उजळतात. गोल, गुबगुबीत, भरल्या पोटांचे भोपळे. आतून पोकळ, आतून मुके.

अशाच एका सकाळी जैबूनने त्यांतला एक भोपळा उचलला. कानाशी धरला. बोटाच्या पेराने हलकेच ठोकला. आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिने तो खाली नेऊन अब्बांच्या हातात दिला नाही.

अब्बांचा हात आता घेता हात राहिला नव्हता.

दस्तगीर उस्ताद त्यांचे नाव. आयुष्यभर तंबोरे घडवलेला माणूस. श्रावणातल्या एका सकाळी, हातात कानस असतानाच, त्यांचे उजवे अंग निखळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ गेली. मागे राहिला थरथरता डावा हात, राहिले दोन डोळे, आणि राहिला तो कान. तारेच्या केसभर चुकीने दुखावणारा, सुराच्या सावलीनेही जागा होणारा, सूक्ष्मश्रवण, सर्वश्रवण कान. खिडकीशी टाकलेल्या खाटेवर ते पडून असत आणि ऐकत असत. दुसरे काही करणे उरले नव्हते.

तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे त्याच्या लाकडी छातीवर, एक लहानशी घोडी बसलेली असते. तिच्या माथ्यावर हाडाची पांढरी पट्टी, आणि पट्टीवरून जाणाऱ्या चार तारा. त्या पट्टीला कानशीने असा उतार द्यायचा, की तार तिला टेकावीही आणि टेकूही नये. जसा डोळ्याला पापणीचा स्पर्श असतो आणि नसतोही. मग एका तारेतून सूर फुलतो, सुरातून सूर फुलतो, सगळी खोली गुंजारवाने भरून जाते. त्या उताराला म्हणतात जवारी. कागदाच्या जाडीएवढे कमी घासले, तर सूर जन्मत नाही. कागदाच्या जाडीएवढे जास्त घासले, तर सूर मरतो.

जैबून लहानपणापासून तंबोऱ्यांवर वेल काढायची. पाने, फुले, कळ्या, मोर. तिच्या नक्षीचे दूरदूरवर नाव होते. पण कानशीला हात लावलेला अब्बांना चालत नसे. एकदा तिने विचारले होते, “जवारी मला कधी शिकवणार, अब्बा?”

ते हसले होते. “ती सांगून येत नाही, पोरी. ती माझ्या कानात आहे. कान कापून देऊ का तुला?”

तेव्हा दोघेही हसले होते.

आणि आता घरात एक शब्द अडकून पडला होता. कुरुंदवाडच्या कमलिनीबाईंना दिलेला शब्द. बाईंच्या गळ्याला साथ देणारा जुना तंबोरा, उस्तादांनीच घडवलेला, घर बदलताना जिन्यावरून पडून फुटला होता. नवा मी करून देतो, असे उस्ताद म्हणाले होते. आणि पुढच्याच महिन्यात आजाराने त्यांना आडवे केले. बाई भेटायला आल्या, खाटेपाशी बसल्या, उस्तादांचा निर्जीव उजवा हात मांडीवर घेतला. निघताना जैबूनला म्हणाल्या, “मी दुसरीकडे जाणार नाही. तू कर.”

“बाई, मी पाने-फुले काढते हो. मला आवाज करता येत नाही.”

“मग आता कर. मी थांबते.”

म्हणून त्या सकाळी तिने भोपळा उचलला.

तिने त्याचा माथा कापला. पाण्यात भिजवून मऊ केला, आतला वाळका गर खरवडला, तोंडात काड्यांचा आधार देऊन त्याला वाटोळे धरले. त्याला लाकडाचा गळा जोडला, गळ्याला दांडी जोडली. सरसाचा उग्र वास घरभर दाटला, भाकरीला लागला, केसांना लागला. मार्गशीर्ष गेला. तिने घडवलेली पहिली तबली फार पातळ झाली आणि दुपारच्या शांततेत आपणहून तडकली. बारीक, कोरडा, सुकी शेंग फुटावी तसा आवाज. अब्बांनी डोळे मिटून घेतले. जैबूनने तबली उतरवली, तुकडे कोपऱ्यात ठेवले, आणि दुसरे लाकूड रंध्याखाली घेतले.

पौष गेला. माघ गेला. दुसरी तबली टिकली. खुंट्या बसल्या. तारा चढल्या. घोडी बसली. यावेळी वेल काढायला मात्र तिचे मन धजावेना. काळ्याभोर, कोऱ्या अंगाचा तंबोरा भिंतीशी उभा राहिला, अलंकारहीन, उच्चारहीन.

फाल्गुनात, एका पिवळ्या, पळसपेटल्या दुपारी, ती कानस घेऊन जवारीला बसली.

घासायचे, फुंकर मारायची. तारा जागेवर आणायच्या, छेडायच्या. पुन्हा तारा बाजूला सारायच्या, पुन्हा घासायचे. तिच्या मांडीवरच्या पदरात हाडाची पांढरी पूड पडत होती, बारीक, मऊ, हिमकणी. सूर कधी चिरका निघे, कधी बसका, कधी नुसताच लाकडाचा. दुपार कलू लागली. आणि मग, कितव्या वेळेला कोण जाणे, तिने बोट तारेवर ठेवले आणि उचलले.

खोलीत काहीतरी उघडले.

तार वाजली आणि वाजत राहिली. तिच्या आतून दुसरी वाजली, दुसरीच्या आतून तिसरी. कोनाड्यातली कपबशी किणकिणली. सोनभरला, स्वयंपूर्ण, सहस्रदल सूर उन्हात तरंगू लागला. त्या घरात तो शंभरदा जन्मला होता. पण प्रत्येक वेळी एका हाताखाली, आणि हा हात तो नव्हता.

जैबूनने तो ऐकला नाही.

म्हणजे कानांवर पडला, पण ती ऐकत नव्हती. ती बघत होती. तिचे सारे प्राण अब्बांच्या चेहऱ्यावर खिळले होते. आपले काय चुकले ते तिथे दिसेल, एवढेच तिला ठाऊक होते.

आणि अब्बांचा डावा हात उठला. तळवा आडवा धरून हवेत हलू लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. हाताखालची पोरे शिकत असत तेव्हाची ही खूण तिला पाठ होती. नाही जमले, अजून घास.

“रा…” अब्बा म्हणाले. सात महिन्यांत त्यांच्या ओठांतून आलेला पहिला अक्षराचा तुकडा. “रा… रा…”

“राहिलं?” जैबून पुढे झुकली. “कुठं राहिलं, अब्बा? पुढं?”

“रा…”

“मागं? मागच्या कडेला राहिलंय का?”

त्यांचे डोळे विस्फारले, मानेच्या शिरा ताठरल्या, घामाने कपाळ डवरले. हात वेगाने हलू लागला. “रा… रा… रा…”

“घासते, घासते. त्रास करून घेऊ नका. घासते मी.”

तिने तारा सारल्या आणि कानस फिरवली. पुढून फिरवली, मागून फिरवली. ते घशातून आवाज काढत राहिले, ती घाईने घासत राहिली. जितका त्यांचा आकांत वाढला, तितका तिचा हात वाढला. मग तिने तारा जागेवर आणल्या आणि छेडल्या.

खट्. एक खरखर. मग काही नाही.

पुन्हा छेडल्या. खरखर.

अब्बांचा हात खाली पडला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, कानात शिरत होते, उशीवर उतरत होते. पुसायला म्हणून जैबून खाटेपाशी गेली, तंबोरा तसाच कवेत घेऊन. कमरेला खोचलेला तिचा पदर पुडीने भरला होता. अब्बांनी डावा हात त्यात घातला. थरथरत्या बोटांच्या चिमटीत पांढरी पूड धरली. तशीच वर नेली, सांडत, लवंडत, निम्मी हवेत हरवत. आणि ती घोडीवर ठेवली.

पुन्हा चिमूट भरली. पुन्हा घोडीवर ठेवली. लहान मुलाने मोडलेली भिंत वाळूने लिंपावी, तशी ते ती जवारी लिंपू लागले.

जैबून बघत राहिली. आणि मग तिला कळले. एकदम नाही, गार पाणी पायांपासून चढत यावे तसे कळले.

“राहू दे,” ती पुटपुटली. “अब्बा… तुम्ही राहू दे म्हणत होतात? हात थांब म्हणून हलत होता?”

त्यांनी डोळे मिटले.

राहिलं आणि राहू दे. एकाच अक्षराच्या उंबऱ्यावर उभे असलेले दोन शब्द. एक म्हणतो, अजून आहे. एक म्हणतो, झाले, आता हात लावू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा बापाने लेकीच्या हाताला होकार दिला होता, आणि लेकीने तो कानशीने घासून टाकला होता.

घोडी दुसरी करता येते. हाड मिळते, लाकूड मिळते. तिने दुसरी केली, तिसरी केली, चौथी केली. पण त्या दुपारी तिच्या हाताने काय केले होते, ते तिच्या हाताला ठाऊक नव्हते. किती दाबले होते, कुठे थांबली होती, कोणत्या कडेला केसभर सोडले होते? सूर आला होता, न बोलावता, न ओळखता. दारातून परत गेलेल्या पाहुण्याचा पत्ता कुणाला विचारायचा? ज्याला विचारायचे, तो पुढ्यात होता. दोन हातांवर. त्याच्या कानात तो सूर अजून अखंड, अबाधित, अभंग वाजत असेल. आणि तिथपर्यंत जायला वाट नव्हती.

प्रत्येक नव्या घोडीवर ती तारा छेडे. ते ऐकत. आता हातही हलवत नसत. छताकडे पाहत राहत.

वैशाखात कमलिनीबाई आल्या. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारांत ओवलेले मणी सारून सूर मिळवला, डोळे मिटून षड्ज लावला. वय झालेला, पण तेजाळ आवाज. तंबोरा त्याच्या मागे मागे गेला, आज्ञाधारक, नीटस, थोडासा मिटलेला.

“चांगला झालाय, जैबून,” त्या म्हणाल्या.

जैबूनने पदर तोंडाला लावला. “बाई, एकदा खरंच झाला होता. एकदाच. मीच घालवला.”

बाईंनी खाटेकडे पाहिले, मग तिच्याकडे. म्हणाल्या, “मला हा हवाय. दुसरा केलास तर तोही बघेन. पण आज हाच नेते.”

त्यांनी तंबोऱ्याला कापडी गवसणी घातली, झोपलेल्या लेकरासारखा खांद्याशी धरला, आणि गल्लीत उभ्या रिक्षात बसल्या. रिक्षा हलली. गल्लीचा रस्ता उखडलेला. पहिल्याच खड्ड्यात चाक आदळले, आणि गवसणीच्या आत, कुणी न छेडता, चारी तारा एकदम झंकारल्या.

जैबून दारातून गर्रकन वळली, सवयीने, अब्बांच्या चेहऱ्याकडे. पण त्यांनी मान खिडकीकडे फिरवली होती. तिला दिसले फक्त पांढरे केस, उशीचा खळगा, आणि उन्हात गुलाबी पारदर्शक झालेली कानाची पाळी.

बघायला काही नव्हते. म्हणून ती ऐकू लागली.

गल्ली निःशब्द होती, वैशाखव्याकूळ, धूळधवल. त्या धुळीतून सूर दूर जात होता. आधी चार तारांचा, मग दोन तारांचा, मग एका तारेचा. मग तारेच्या आठवणीएवढा. मग नुसते ऊन.