सातावर अडलेला खांदा

आत्याचा उजवा खांदा असा काही आखडला होता, की बसमध्ये वरचा दांडा धरायचा तर आधी बस आडवी करावी लागली असती. एकतीस वर्षं तिनं कोटाच्या कारखान्यात हातानं काजं केली. जगातल्या निम्म्या पोटांवरची बटणं तिच्या काजांतून आत-बाहेर झाली असतील, आणि उरलेली निम्मी माणसं कोट घालत नसतील. कारखान्यात आणि बाहेरही सगळेच तिला आत्या म्हणायचे, मालकाचा बापसुद्धा.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मालीशचा उपचार, आठवड्यातून दोनदा, बारा बैठका. पैसे कारखान्याच्या विम्यातून. चिठ्ठी घेऊन आत्या दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चढली. तिथल्या काउंटरवाल्या बाईनं पाढे म्हणावेत तसं सांगितलं, "एक हलक्या हाताची, सुखाची मालीश. एक खोल दाबाची. एक गाठ शोधून दाबून धरायची. एक खेळाडूंची, ओढून ताणून. सुखाची सोडून बाकी सगळ्या विम्यात बसतात."

"का गं? सुखानं काय घोडं मारलंय विम्याचं?"

"आत्या, विमा दुखण्याचे पैसे देतो. सुखाचे ज्याचे त्यानं द्यायचे."

दर बैठकीआधी एक पट्टी पुढे यायची. शून्याशी हसरा चेहरा, दहाशी रडका. जेवढं दुखतंय तिथं बोट ठेवायचं आणि मालीशवालीनं तो आकडा कागदावर लिहायचा. आकडा तीनच्या खाली उतरला, की विमा म्हणणार, झालं तुमचं, या आता.

मालीशवाली म्हणजे पंचविशीची पोर. नोकरीला लागून चार महिने झालेले. पण तळहात असे, की दगडाचं पीठ मळून देईल. पहिल्या दिवशी आत्याचं बोट नवावर होतं. पोरीनं तिला पालथं झोपवलं. पलंगाला डोक्याकडे एक भोक, त्यात तोंड घालायचं. खाली फरशी आणि पोरीच्या पांढऱ्या सपाता, एवढंच जग. आधी दहा मिनिटं हलक्या हातानं मानेपासून कंबरेपर्यंत लांब लांब हात फिरवून अंग गरम करायची. मग खोल दाब. मग अंगठा गाठीवर रोवून धरायची, तेव्हा आत्या अशी ओरडायची की खालच्या दवाखान्यात ज्यांचे दात हलत होते ते आपोआप पडायचे आणि डॉक्टर पैसे मात्र पूर्ण घ्यायचे. शेवटी पुन्हा पाच मिनिटं हलका हात.

त्या पंधरा मिनिटांत आत्याचं काय व्हायचं ते तिलाच ठाऊक. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून तिच्या पाठीला साबणाशिवाय कुणी शिवलं नव्हतं.

पाचव्या बैठकीनंतरच्या दुपारी घरी वरच्या फळीवरचा डबा तिनं काढला. काढला, खाली ठेवला, आणि मग लक्षात आलं की उजव्या हातानं काढला. घरात कुणी नव्हतं. नाचायचं सोडून बाई मटकन खाली बसली. बारा बैठकांमधल्या सात अजून बाकी होत्या.

सहाव्या वेळी पट्टी पुढे आली तेव्हा तिचं बोट सातावर जाऊन बसलं. आठ म्हणजे हावरटपणा दिसला असता, सहा म्हणजे घसरण सुरू. सात कसा घरंदाज आकडा, कुणी शंका घेत नाही. हात वर करा म्हटलं, की खांद्याच्या उंचीला आणून "अगं आई गं!" करायची. ती कळ इतकी खरी यायची, की एकदा तिच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

सुखाची मालीश स्वतःच्या पैशानं घ्यावी, असं मनात यायचं. पण सुनेला काय सांगणार? सासूबाई या वयात पाठ चोळून घ्यायला जातात? नुसत्या विचारानंच कान तापायचे. दुखणं कसं, चारचौघांत सांगता येतं.

"आई, अजून सातच?" सून बादली उचलता उचलता म्हणायची. "माझ्या आईनं गुडघा नवा बसवला तर ती दीड महिन्यात जिने चढायला लागली."

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस! त्याला काय डोकं असतं? खांदा पडला डोक्याशेजारी, तो लवकर ऐकत नाही."

सून हसायची आणि दुसरी बादलीही उचलायची. मग आत्याला घास गिळवत नसे.

बारा झाल्या. आकडा सातच म्हणून विम्यानं सहा बैठका वाढवून दिल्या. आता पोर कोपरानं दाब द्यायला लागली. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी आली, मग दुसऱ्यालाही आली. आत्यानं ती पाहिली आणि डोळे भोकात घातले.

सोळाव्या बैठकीला हात मधेच थांबले.

"आत्या, एक विचारू? माझं कुठं चुकतंय?"

"तुझं कशाला चुकेल गं?"

"मग आकडा का हलत नाही? मी इथल्या माझ्या वरच्या, जुन्या ताईंना विचारलं, जुनी पुस्तकं वाचली, घरी भावाच्या पाठीवर करून बघितलं. माझ्या हाताला गुणच नाही बहुतेक. इथले मोठे डॉक्टर म्हणाले, सोळा बैठका झाल्या तरी आकडा सातावरून खाली आला नाही. एक तारखेपासून मला फोन घ्यायला बसवणार आहेत. तुम्हाला दुसरं कुणी बघेल." आणि पुन्हा तेच लांब लांब हात फिरायला लागले, मानेपासून कंबरेपर्यंत. "सॉरी हं आत्या. तुम्ही एवढं सोसलंत."

आत्याच्या नाकातून थेंब ओघळला आणि नेमका त्या पांढऱ्या सपातेवर पडला. कपडे घातले, जिना उतरली, थांब्यावर जाऊन उभी राहिली. तीन बसगाड्या आल्या आणि गेल्या. चौथीत चढली, तेव्हा सवयीनं डाव्या हातानं दांडा धरला. बसमध्ये ओळखीचं कुत्रंही नव्हतं, तरी नाटक चालूच! तिला स्वतःची अशी किळस आली, की तिकीट काढताना कंडक्टरकडे बघवेना.

सतराव्या बैठकीला पट्टी पुढे आली. आत्यानं एकावर बोट ठेवलं.

पोरीनं पट्टी बाजूला केली. "नको हो आत्या. माझी दया येऊन खोटं नका सांगू. मला अशी नोकरी वाचवायची नाही."

आता मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते आत्याला कळलं. खोटं अकरा वेळा पचलं, आणि खरं एकदाही पचेना! ती उठून खोलीच्या मधोमध उभी राहिली, उजवा हात सरळ वर नेला, कानाला चिकटवला, मागे नेऊन पाठीवरचा हुक काढला, पुन्हा लावला.

पोर बघतच राहिली. "हे कधीपासून?"

"पाचवीनंतर."

"पाचवी?" तिनं नकळत स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. क्षणभर तोंडावर उजेड पडला, आणि तसाच गेला. "मग बाकीच्या अकरा बैठका? माझे अंगठे गेले आत्या. मी घरी रडत होते."

"मला ते हलक्या हाताचं हवं होतं गं." आत्या भिंतीकडे बघत म्हणाली. "सुरुवातीचं आणि शेवटचं. मधलं मी सोसायची."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? म्हातारीला पाठीवरून हात फिरवून हवाय म्हणून?"

पोरीनं कागद पुढे ठेवला, पेन दिलं. "प्रत्येक सात खोडा. खरा आकडा लिहा, बाजूला सही करा. मला हे मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. विम्यालाही कळवावं लागेल. ते पैसे मागतील."

"मागू देत. मी भरीन."

काजांची रांग घालणाऱ्या हातानं आत्यानं अकरा सात खोडले. तीन. दोन. दोन. एक. अकरा सह्या झाल्या तरी खांदा दुखत नव्हता, काय करणार!

"मी येऊ का परत? पैसे देऊन?" तिनं दारातून विचारलं.

"वरच्या ताईंकडे या," पोर पट्टी पुसत म्हणाली. "माझ्याकडे नको."

बाहेर बाकावर पाच माणसं. पुढचा नंबर एका जाड्या गवंड्याचा. तो आत्याकडे झुकून कुजबुजला, "मावशी, ही पोरगी नवखी आहे म्हणे. जमतं का हो तिला?"

"पाच बैठकांत बरा केला तिनं माझा खांदा."

"पण तुम्हाला तर मी दोन महिने बघतोय इथं!"

पाचही माना वळल्या. काउंटरवाल्या बाईनं फोन खाली ठेवला. आत्याला जिना दिसत होता, अगदी चार पावलांवर. ती बाकावर गवंड्याशेजारी बसली, पदर सारखा केला, आणि जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टींना तिखटमीठ लावून सांगायची, तिनं स्वतःची गोष्ट तिखट न घालता, मीठ न घालता, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.