आठ पदरी नदी

निकानोर मास्तरांनी एकतीस वर्षं अडुसष्टच्या ऑलिंपिकच्या तलावात मेक्सिको शहराच्या पोरांना पोहायला शिकवलं. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी फाटकावरच्या चेमाने त्यांना अडवलं.

"बिल्ला, मास्तर?"

बिल्ला कार्यालयात जमा झाला होता. तेव्हापासून दोन वर्षं त्यांच्या अंगाला ते निळं पाणी लागलं नव्हतं. क्लोरिनचा वास आला की चालत्या बसमधूनही त्यांची मान वळायची.

म्हणून शहराच्या कार्यालयाने 'ऑलिंपिकच्या आठवणी आणि नदीकाठ' अशी पायी सहल काढून वाटाडे मागवले, तेव्हा पहिला अर्ज त्यांचाच गेला. वाटाड्याला बिल्ला मिळणार होता.

परीक्षा घ्यायला ग्रिसेल्दाबाई आल्या. टेबल मिळालेल्या कुठल्याही बाईला या शहरात 'लिसेन्सियादा', म्हणजे पदवीधर, म्हणायचं. बाईंच्या टेबलाला तर खणही होते. त्यांच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या: तलाव, नदीचं दर्शन आणि तांब्याच्या घुमटाचा क्रीडामहाल.

तलाव बाईंनी आत जाऊन पाहिला. मास्तरांनी तो फाटकाबाहेरून, डोळे मिटून सांगितला.

"डावीकडची तिसरी फरशी हलते, जपून."

"हलतेय," आतून आवाज आला. पहिली खूण झाली.

मग ते कोपऱ्यावर आले. 'रिओ चुरुबुस्को', म्हणजे चुरुबुस्को नदी, अशी पाटी होती. पाटीखाली आठ पदरी रस्ता दुथडी भरून वाहत होता.

"नदी कुठाय?" बाईंनी विचारलं.

"तिच्या पाठीवरच उभ्या आहात, लिसेन्सियादा. माझी आजी हिच्यात धुणं धुवायची. मग हिला मोठ्या नळात घातलं, वर डांबर ओतलं. नाव तेवढं पाटीवर वाळत घातलंय."

"असं कसं? रोज सकाळी तासभर नदीत अडकते मी..." बाई बोलल्या आणि थबकल्या.

त्यांचा तरी काय दोष? 'आज नदी तुंबलीय', 'नदीवरून सरळ घ्या', सगळं शहर असंच बोलतं. त्यात पाणी आहे का, हे कुणी बघत नाही. सहलीच्या पत्रकावर तर नदीत तीन बदकंही छापली होती.

"पत्रक बदला," मास्तर म्हणाले.

"साहेबांची सही झालीय. आता बदलायचं तर नदीच बदलावी लागेल."

चौकट कोरी राहिली तर बिल्ला गेला. मास्तर बाईंना जवळच्या पुलाखाली घेऊन गेले. तिथे निळ्या मक्याच्या पोळ्या थापणाऱ्या बाईच्या चुलीशेजारी गटाराचं लोखंडी झाकण होतं. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी झाकणाला कान लावला.

"या."

"मी? या कपड्यांत?"

"नदी कपडे बघत नाही."

बाई इकडेतिकडे बघत वाकल्या. "काही ऐकू येत नाही."

"दोन ट्रक जाऊ द्या."

ट्रक गेले. आणि मग खालून, खोलातून, वरवंटा फिरवता फिरवता कुणी बाईने स्वतःशीच गुणगुणावं तसं पाणी ऐकू आलं. नावापुरती उरलेली, उन्हाला पारखी झालेली नदी चालत होती.

"डोंगरात पाऊस झाला असणार," पोळीवाली म्हणाली. "आज बोलतेय. एरवी नुसती घाण मारते."

बाई उठल्या तेव्हा त्यांचा एक गाल काळा झाला होता. "पण फॉर्मवर दर्शन आहे, मास्तर. श्रवणाला चौकट नाही."

"डोळे मिटले होतेत ना? काय दिसलं?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बदकं," म्हणाल्या, आणि त्यांनी खूण केली.

दोन तास चालल्यावर तांब्याचा घुमट आला. तिसरी खूण झाली. बाईंनी पर्समधून बिल्ला काढून दिला. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं: 'तलावाच्या प्रेक्षागारापर्यंत प्रवेश. पाण्यात उतरण्यास मनाई.'

ते नुसता त्या ओळीवरून अंगठा फिरवत राहिले, पुसली जाते का बघावं तसा.

बाईंनी फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि शेऱ्यात लिहिलं: 'नदी खोल आहे. वाटाड्याला बुडणाऱ्याला वाचवता आलं पाहिजे. सबब आठवड्यातून दोनदा ऑलिंपिक तलावात पोहण्याचा सराव सक्तीचा.'

"साहेब सही करतील?"

"पत्रकात नदी आहे, मास्तर. ती नाही म्हणायला त्यांना बाहेर येऊन बघावं लागेल."

मंगळवारी चेमाने सहीचा कागद दोनदा वाचला. "नदीत कोण बुडणार?"

मास्तरांनी मागच्या आठ पदरांकडे बोट दाखवलं. गाड्या खोळंबून भोंगे वाजवत होत्या.

"खरंय," चेमा म्हणाला, आणि त्याने फाटक उघडलं. "रोजच अडकतात बिचारे. जा, फरशी जपून."