पत्र्याखालची माणसं

कबनूरच्या पत्र्याच्या खोलीत चिमणाबाईची नात दुपारभर रडायची. तान्हं लेकरू, अंगभर घामोळ्या. ओली फडकी टाकून टाकून चिमणाबाई थकली. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग फुकट लावून द्यायची योजना आली होती, पण मागायची घरमालकानं. मालक सिद्धराम स्लॅबच्या घरात गार झोपायचा. तो कशाला मागतोय?

योजनेच्या शांभवी मॅडमनी लोकांचं ऐकायला सभा घेतली, तीही भर दुपारी. यंत्रमागावरची माणसं कामावर, आले ते फक्त मालक. बाई शहाणी! पुढच्या खेपेला ती मागांच्या सुट्टीदिवशी थेट देवळातल्या कीर्तनालाच आली.

पूर्वरंग संपला. आता सगळ्यांना बुक्का लावायचा, मग उत्तररंग. तेवढ्यात बुवा म्हणाले, "माउली, बुक्का लागंपर्यंत माईक मोकळा हाय. ह्या पावण्या बाई गाऱ्हाणं ऐकायला आल्यात."

चिमणाबाई उठली. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, तिचं साधं बोलणंही ओरडूनच.

"बाई, पत्रा मालकाचा, पन खाली भाजतोय आम्ही की!"

माईक किंचाळला. तबलजीनं कान झाकले.

"हळू, आक्का! हितं माग चालू न्हाईत!" कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

तिनं आवाज उतरवला. "तान्ही नात हाय. दुपारची निजत न्हाय वो."

कुणी हसलं नाही.

शांभवी पुढं बसलेल्या सिद्धरामकडं वळली. "रंग आम्ही लावू. तुमची हरकत?"

"रंग लावू का म्हणून मला आजवर इचारलंय कुणी? आन् आता कपाळाला बुक्का लावून न्हाय कसं म्हणू?"

"रंगाच्या नावानं भाडं वाढवणार न्हाईस, ते बी हितंच सांग," चिमणाबाई म्हणाली.

"न्हाय वाढवत, बाई! बुवा साक्षीला हाईत."

"यापुढं पत्र्याखाली राहणाऱ्यानं मागितलं तरी चालेल, असं मी वर मांडते. या आजींच्या खोलीला मात्र याच आठवड्यात रंग लावते," शांभवी म्हणाली.

उत्तररंगात बुवांनी कुणाचं आख्यान लावलं, चिमणाबाईला कळलंच नाही. ती पदरानं डोळे पुसत होती.

रंग लागला त्या दुपारी पोरीचा आवाजच नाही. सून घाबरली, तिनं बाळाच्या नाकाशी बोट धरलं.

"निजलीया गं, निजू दे," चिमणाबाई म्हणाली.

ती उंबऱ्यात आली. देवळाकडं बघून हात जोडले. मॅडमची गाडी गेली त्या रस्त्याला जोडले. मग जरा थांबून, सिद्धरामच्या स्लॅबलाही.