नेण्यास यावे

हेमराजची तेरवी झाली आणि चार दिवसांनी हर्षाने त्याची संदूक उघडली. नाचणगावच्या घरात वडिलांच्या कागदांना हात लावायची आजवर कुणाची हिंमत नव्हती. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटच्या घडीत तिला एक पोस्टकार्ड सापडलं. शाई पिंगट झालेली, पण अक्षर स्वच्छ होतं.

"ती. दादास धुरपताचा नमस्कार. मी आता बरी झाली. डॉक्टर म्हणतात घरी जाण्यास हरकत नाही. अंगावर चट्टा राहिला नाही. डाव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत, त्याने काम अडत नाही. दिवाळीपूर्वी नेण्यास यावे."

खाली तारीख होती, सप्टेंबर १९६०. पत्ता वर्ध्याजवळच्या एका कुष्ठधामाचा.

हर्षा अडतीस वर्षांची, वर्ध्याच्या शाळेत मास्तरीण, पिपरी मेघेला राहायची. एवढ्या वर्षांत धुरपता हे नाव तिच्या कानावर आलं नव्हतं. ती कार्ड घेऊन आईकडे गेली. प्रमिलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"तुह्या बाबाची बहीण होती," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तापानं गेली. लहानपणीच."

"तापानं गेलेली बाई, बरी झाली म्हणून कार्ड कशी लिहीन, आई?"

प्रमिलाबाईंनी सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या.

गावात विचारायचं तर एकच माणूस उरला होता. नानाजी पोस्टमन. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण डोकं शाबूत. हर्षाने कार्ड वाचून दाखवलं तसं त्यांनी ते हातात मागून घेतलं.

"मीच देल्लं होतं हे," ते बोलले. "तुह्या बाबाच्या हातात. दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचलं त्यानं. दोन दिवसानं त्याचं कार्ड पेटीत पडलं. उघडं कार्ड, नजर गेलीच माही. 'या नावाचे आमच्या घरी कोणी नाही. पुन्हा पत्र टाकू नये.' बस, येवढंच."

"आन् तुमी कोणाले बोलले नाई?"

"कोणाले बोलू पोरी? दिवाळीनंतर त्याचं लगन होतं."

पुढच्या रविवारी हर्षा कुष्ठधामात गेली. जुनी नोंद शोधायला लागेल, कदाचित मृत्यूची तारीख मिळेल, एवढीच तिची अपेक्षा होती. कार्यालयातल्या म्हाताऱ्या कारकुनाने नाव ऐकलं आणि बोट दाखवलं.

"धुरपताबाई? त्या काय, हातमागाच्या शेडात बसल्या आहेत."

एक ठेंगणी बाई चाक फिरवत कांड्यांवर सूत भरत होती. डावा हात पंज्यासारखा आखडलेला, पण सुताची लय मोडत नव्हती. हर्षाने आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. बाईने चाक थांबवलं.

"दादा गेला काय?"

"तीन आठवडे झाले, आत्याबाई."

धुरपताने कपाळाला हात लावला. रडली नाही. तिला मोठा राग असेल असं हर्षाला वाटलं होतं, पण ती सरळ बोलत राहिली. तिचा नवरा जंगलू समुद्रपुराकडचा गोंड, इथलाच पेशंट. चार वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नव्हतं.

"ते कार्ड आलं तवा मले वाटलं, बाबानं लिहून घेतलं असंल कोणाकून," ती म्हणाली. "मंग अक्षर पाह्यलं. मले दादानंच शिकवलं होतं पाटीवर. पत्त्यावर माहं नाव होतं, त्याचा 'ध' मी कुठंबी ओळखतो." मग तिने विचारलं, "पोरी, मले एक बार घर दाखवशीन? राह्याले नाई म्हणत. पाहीन आन् वापस येईन."

"आठ दिवसांत नेते," हर्षा म्हणाली.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. प्रमिलाबाईंनी आधी दार लोटून घेतलं.

"अंजूचं जमून राह्यलं. पाव्हणे गुरुवारी येऊन राह्यले. आत्ताच काऊन उकरून काढतं तू?"

"आई, त्या कधीच्या बऱ्या झाल्या."

"मले नको सांगू. लोकायले सांग." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मले लगनाच्या तिसऱ्या वर्षी समजलं. तू पोटात होती. मी काय करू, सांग?"

अंजू हर्षाची धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान, तिच्या कडेवर वाढलेली. लग्न होईपर्यंत हर्षा थांबली. आठ दिवसांचे पाच महिने झाले. अंजूचं लग्न फेब्रुवारीत पार पडलं आणि मार्चमध्ये हर्षा आत्याला एसटीने नाचणगावला घेऊन आली.

धुरपताने नवं लुगडं नेसलं होतं. डावा हात पदरात झाकलेला. घरासमोर ती नुसती उभी राहिली. मातीच्या भिंती जाऊन सिमेंट आलं होतं, दुकानाला लोखंडी शटर. प्रमिलाबाई दारात आल्या, "या, बसा," म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या. दोघी नणंद-भावजया पहिल्यांदाच एकमेकींना पाहत होत्या, तेही पुरतं नाही.

चहा हातात असतानाच शेजारची रुख्माबाई आली. तिचं माहेर अंजूच्या सासरच्या गावचं.

"पाव्हण्या कोण वं हर्षा?"

प्रमिलाबाईंनी लेकीकडे पाहिलं. दर वर्षी शाळेच्या फळ्यावर आकृती काढून हर्षा पोरांना शिकवायची, की हा रोग औषधानं बरा होतो, रोग्याला दूर लोटू नका. तिने तोंड उघडलं.

"वर्ध्याच्या हायेत. माह्या ओळखीच्या."

धुरपताने उरलेला चहा पिऊन टाकला. उठून मोरीत गेली, आपला ग्लास स्वतः विसळला आणि पालथा घातला. "निंघतो मी," एवढंच म्हणाली.

बसमध्ये हर्षाने दोनदा "आत्याबाई" म्हणून सुरुवात केली. धुरपता खिडकीबाहेर पाहत होती. "आंगणात लिंबाचं झाड होतं," ती म्हणाली. "तोडलं वाट्टे."

त्यानंतरही हर्षा संत्री घेऊन दोन-तीनदा गेली. धुरपता नीट बोलायची, तब्येत विचारायची. पण आता म्हणायची, "तुमी कायले तरास घेता, बाई?"

मग बदली झाली, परीक्षा आल्या, जाणं लांबत गेलं. २००४ च्या दिवाळीनंतर ती गेली तर शेडात दुसरीच बाई बसली होती. कार्यालयात नवा कारकून होता. धुरपताबाई ऑगस्टमध्ये वारल्या, असं त्याने सांगितलं.

"कळवलं नाही कुणी? मी पत्ता दिला होता."

"आम्ही विचारलं होतं त्यांना आजारपणात. म्हणाल्या, माझं कोणी नाही. एक शाळेच्या मॅडम येतात कधीमधी, त्यांना तकलीफ नका देऊ." त्याने वर पाहिलं. "आपण कोण त्यांच्या?"

"भाची," हर्षा म्हणाली. "सख्ख्या भावाची मुलगी."

कारकुनाने मान हलवली. बाहेर कुणीतरी त्याला हाक मारली, तसा तो उठून गेला.