डावं पीस, उजवं पीस

सरकारनं शेतकऱ्यांसाठी मदतीचं पॅकेज दिलं, त्या वर्षी घाटंजीत बायकांसाठी एक केंद्र उघडलं. परदेशात लोक हौसेनं मासे धरतात म्हणे. त्यांच्या गळाला बांधायच्या खोट्या माश्या तिथं शिकवायच्या. 'कापूस वेचणाऱ्या बायकांना सावलीतलं काम' असं बाहेर फलकावर लिहिलं होतं. आम्ही बाराजणी गेलो. महिनाभरानं एकीलाच कायम ठेवणार होते, पंखांची पिसं निवडायला. ती जागा मला हवी होती. वीस वर्षं दुसऱ्याच्या पऱ्हाटीत कापूस वेचायला वाकून माझी कंबर कामातून गेली होती, आणि हे काम खुर्चीत बसून होतं.

सोपं वाटतं, पण करून पाहा. ही माशी पाण्यात बुडायला हवी. तिचे दोन पंख बदकाच्या पिसांचे, एक डाव्या पंखातलं, एक उजव्यातलं. दोघांचा बाक जुळला नाही तर माशी पाण्यात गरगरते. मला ते आठ दिवसांत कळायला लागलं. शेजारी किसनरावांची सून अर्पिता बसायची. मी त्यांच्याच शेतात वेचते. तिला घरी करमत नव्हतं म्हणून ती आलेली. दोन्ही डावीच पिसं घ्यायची आणि हसायची. मग मी सांगायची, हे ठेव, ते उचल. पोरगी वाईट नव्हती, हे कबूल करते.

माझी अडचण बोटांची होती. बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं पिसावर फिरवली की ते फाटायचं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हात मऊ ठेवा." मग वेचणीच्या दिवसांत आम्ही सगळ्या करतो तेच मी केलं. जवसाच्या तेलात मेण वितळवून रोज सकाळी भेगांत भरलं. त्यानंतर एकही पीस फाटलं नाही. माझ्या जोड्या सगळ्यांत देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या दिवशी मॅडमनी प्रत्येकीच्या माश्या काचेच्या भांड्यात टाकल्या. काहींचे पंख आधीच फाटलेले होते, उरलेल्यांच्या माश्या बुडेनात. अर्पिताच्या माश्या सरळ तळाला गेल्या. माझ्या सहाच्या सहा वर तरंगत राहिल्या.

"नलूताई, पिसांना तेल लावलंत?"

"पिसाले नाई, मॅडम. बोटाले लावलं. भेगा हायेत मले."

मॅडमनी माझा हात हातात घेऊन पाहिला. हळहळल्या. मग अर्पिताचं नाव लिहिलं. कापूस वेचणाऱ्यांसाठीचं काम कापसाला कधी हात न लावलेल्या पोरीला मिळालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची सासू मैनाबाई माझ्या दारात.

"नलू, वेचणीले लवकर येत जाय. आन् सांजच्याले आमच्या घरी ये जराशी. पोरीले डावं-उजवं समजून नाई राह्यलं."

"माह्या हातानं पिसं खराब होतेत, बाई."

"मंग हात नको लावू ना. वसरीत बस आन् दुरूनच सांग."

मी खुंटीवरचं फडकं काढलं.

"मले नाई समजत त्यातलं," मी म्हणाले. मग वेचणीचं फडकं कमरेला बांधलं आणि त्यांच्याच शेताच्या वाटेला लागले, कारण त्या हंगामात दुसरं कुणी बोलावत नव्हतं.