कासववाल्यांनी गोळ खाल्ला

बेबीबाईला एकुलती एक लेक, आणि ती दोन गाड्या बदलून जावं लागेल इतक्या लांब, समुद्राच्या कडेला वनरक्षक. वनरक्षक म्हणजे वाघ-बिबटे राखत असेल म्हणून बेबीबाईनं आधी तांड्यात चांगलं मिरवून घेतलं. मग कळलं, पोरगी कासवांची अंडी राखते! "सरकारला दुसरा धंदा न्हाई का?" असं म्हणून तिनं दिवाळीत शिलाला समोर बसवलं आणि बदलीच्या अर्जावर सही करायला लावली. नवरा गेल्यावर हळदीच्या रानात राबून पोर शिकवली, ती काय खाऱ्या पाण्याला द्यायला? आता जूनमध्ये अर्ज मंजूर होण्याच्या बेतात होता, शिला रजेवर घरी आली होती आणि बेबीबाईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तेवढ्यात तांड्याचे नायक प्रेमसिंग यांना फोन आला. "भाटवलीहून बोलतोय. आम्ही पाच जण येतोय. शिलाबायविषयी वडीलधाऱ्यांशी बोलायचं आहे."

लग्नाच्या पोरीविषयी पाच माणसं एवढ्या लांबून कशाला येतात, हे नायकाला कुणी शिकवायला नको. "आपल्याच समाजाचा कोणी असंल तिकडं नोकरीला," ते बेबीबाईला म्हणाले. "गोळ आणून ठेव."

बेबीबाईचा पारा चढला. सोयरीक तिकडची झाली, की बदली गेली चुलीत! तिनं शिलाला खोदून विचारलं. तांड्यात आईला याडी म्हणतात. "याडी, मला खरंच काही ठाव न्हाई," म्हणत शिला घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली. पण भाटवलीचं, तिच्या नोकरीच्या गावाचं, नाव निघताच तिचा चेहरा उजळला होता, आणि ते आईच्या नजरेतून काही सुटलं नाही.

पाहुणे शिरड शहापूरवरून जीप करून भर दुपारी आले. चार बाप्ये आणि एक बाई. म्होरके काशिनाथ तांडेल, साठीचे, होडीचे मालक. पावसाळ्याचे दोन महिने समुद्रात मासेमारीला बंदी असते, म्हणून ही मंडळी मोकळी सापडली होती. नायकाच्या ओट्यावर अख्खा तांडा गोळा झाला होता आणि मधोमध पितळी ताटात गोळ, म्हणजे गूळ, ठेवला होता. तांड्याचा कायदा असा, की बोलणी पुरी झाली की पाहुण्यांनी नायकासमोर तो गोळ खायचा. खाल्ला की सोयरीक पक्की, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

हे भाटवलीला कुणी कळवलं होतं? तांडेल उन्हातून आले आणि त्यांना ताट दिसलं. गूळ-पाणी! काय अगत्याची माणसं! टेकता टेकताच त्यांनी एक खडा तोंडात टाकला आणि ताट पुढं सरकवलं. पाचही जणांनी मनापासून खाल्ला.

बोलणी निघण्याआधीच सोयरीक पक्की! मग बायकांनी एकदम गाणंच धरलं.

"थांबा गं!" बेबीबाई ओरडली. "पोरगा कुठाय?"

"कुठला पोरगा?" तांडेलांनी बोटं चाटत विचारलं.

"नवरदेव!"

नायकांनी कपाळाला हात लावला आणि गोळाचा कायदा समजावून सांगितला. तांडेलांनी ताट झटकन मागं सरकवलं. त्यांच्यासोबतची बाई पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

"आवो, आम्ही शिलाबायची बदली थांबवा म्हणून सांगायला आलोय," तांडेल कसेबसे म्हणाले. "पूर्वी वनखात्याची गाडी दिसली की आम्ही अंडी लपवायचो. खायचोच, खोटं कशाला बोलू? आता गावातली अकरा माणसं आळीपाळीनं पहाटे किनारा फिरतात. खात्यानं कुंपण दिलं, टोपल्या दिल्या, नि ही शिलाबाय दिली. घरटं दिसलं की पहिला फोन हिला."

"मग सरकार दुसरं माणूस दील की," बेबीबाई म्हणाली.

"सात दिले! सगळे आम्हाला कायदा शिकवून गेले. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, मी समुद्र कधी बघितला नाही, तुम्हीच मला शिकवा. मग काय, अख्खा गाव शिकवायला धावला."

हसणाऱ्या बाईनं डोळे पुसत मोबाइल पुढं केला. वाळूतल्या घरट्यावर टोपली पालथी होती आणि शेजारच्या पाटीवर नाव होतं, 'बेबीबाई'. शिलाचा हात आला, टोपली उचलली गेली आणि वाळूतून इवली इवली काळी पिल्लं वळवळत निघाली. "हंगामातल्या पहिल्या घरट्याला हिनं तुमचं नाव ठेवलं," ती म्हणाली. "एकशे चार झाली तुम्हाला, बाय!"

तांडा खदखदून हसला. बेबीबाई मात्र मोबाइलवरून नजर काढेना.

"यांची माय कुठाय?"

"ती अंडी घालते नि जाते. पिल्लं आपल्या पायानं पाण्यात जातात. आम्ही उचलून टाकत नाही, फक्त कुत्र्या-कावळ्यांपासून राखतो."

"अन् मग? गेली ती गेलीच?"

"मोठी झाली की त्याच किनाऱ्याकडं परत येतात म्हणतात."

बेबीबाईनं मोबाइल परत दिला. दाराशी उभ्या असलेल्या शिलाला तिनं विचारलं, "दिवाळीत सही करायची न्हवती ना तुला?"

"न्हाई, याडी. तू एकटी पडशील म्हणून केली."

 एवढे महिने पोर गप्प राहिली याचा बेबीबाईला राग आला, आणि सात साहेबांना जमलं नाही ते तिच्या लेकीला जमलं म्हणून छातीही फुलली.

"ते सगळं बराबर हाये," नायक घसा खाकरून म्हणाले, "पण गोळाचं काय? खाल्लेला गोळ परत घेता येत न्हाई."

"परत काहून घ्यायचा?" बेबीबाई उठून उभी राहिली. "दिली की पोरगी! भाटवली गावाला दिली. पण ऐका. दर दिवाळीला माहेरी धाडायची, अन् गावानं आणून सोडायची. जावई मी बघीन, समुद्राकाठी ऱ्हाणारा. अन् येत्या साली पयलं घरटं फुटंल तवा मला बोलवायचं. माझी लेकरं मी माझ्या डोळ्यांनी पाहीन."

"गावची विहीणबाय म्हणून मिरवत नेऊ!" तांडेल म्हणाले आणि हळूच विचारलं, "आता अजून एक खडा खाल्ला तर चालंल ना?"

बायकांनी पुन्हा गाणं धरलं. तांड्याची नवरी निघताना आईच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे सूर लावून रडते. "रड की गं शिला, नवरी हाईस!" बायका ओरडल्या, पण शिलाला हसू आवरेना. तेव्हा रीत मोडू नये म्हणून बेबीबाईनंच लेकीच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला, आणि दुसऱ्याच ओळीला तीही हसायला लागली.