मागाच्या फळ्या

नागपुरात हुडकेश्वरच्या नव्या घराच्या गच्चीवर लाकडी डेक करायचं ठरलं, तेव्हा बाबूलालचं मत कुणी विचारलं नव्हतं. लाकूड मात्र त्याचंच होतं. उमरेडच्या घरात चार हातमाग वीस वर्षं धूळ खात पडले होते आणि घर विकल्यावर ते भंगारात जाणार होते. मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारा मुलगा कुशल म्हणाला, "बाबा, अस्सल सागवान आहे. भंगारात काहून द्याचं? चिरून फळ्या काढू. तुमचे माग तुमच्याच घरी राहतीन." बाबूलालला ते पटलं. न पटून सांगतो कुणाला?

दहा बाय आठचा डेक झाला. दाराजवळची तिसरी फळी मधोमध थोडी झिजलेली होती. विणताना बाबूलालच्या वडिलांच्या पोटाशी जी लाट, म्हणजे विणलेलं कापड गुंडाळायचा आडवा दांडा, असायची, तिची ती फळी. पन्नास वर्षं अंग टेकून टेकून ती आरशासारखी झाली होती. रोज सकाळी बाबूलाल तिच्यावर बसून चहा प्यायचा, आणि दसऱ्याला, माग चालू असताना करायचा तशीच, तिची हळद-कुंकू वाहून पूजा करायचा. बाकी गच्ची कुणाची का असेना, ती फळी त्याची होती; तिला तो रंगाचा हातही लागू देत नसे.

पण नागपूरचा मे महिना कुणाची भीड ठेवत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात डेकचा चॉकलेटी रंग विटला, पावसाळ्यात फळ्या काळ्या पडल्या आणि दिवाळीला राखेसारख्या दिसायला लागल्या. कुशलने रंगाचा डबा आणला, बाबूलालने हात मारला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. सूत रंगवताना रंग फिका आला की आणखी एकदा बुडवायचं, एवढंच त्याला उभ्या जन्मात ठाऊक. पण लाकूड काही सूत नव्हे. ते रंग प्यायचं सोडून अंगावर पापुद्रे धरायला लागलं.

चौथ्या वर्षी कुशल म्हणाला, "बाबा, दसऱ्यापावतो पाहू. नाही टिकला, तर हे काढून प्लास्टिकचा टाकू." तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी प्रेमाने बोलला, आणि तेच बाबूलालच्या जिव्हारी लागलं.

एप्रिलमध्ये बाबूलालने कंबर कसली. सकाळी ऊन चढेपर्यंत पॉलिशपेपरने घासायचं, असं पंधरा दिवस चाललं. गुडघे सोलले, पण जुना रंग पार निघाला. मग त्याने उघड्या लाकडावरून तळहात फिरवला आणि त्याचा हात थबकला. लाकडाचे बारीक बारीक तंतू उभे राहिले होते. मागावर चढवायच्या आधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे असेच पिंजारतात, आणि त्यावरचा उपाय कोष्ट्याच्या पोराला शिकवावा लागत नाही. उमरेडला पहाटे गल्लीभर ताणा पसरायचा, त्याला तांदळाची खळ पाजायची आणि कुंच्याने धागा न् धागा बसवायचा. त्याला पांजणी म्हणत. बाबूलालची पांजणी पाहायला दुसऱ्या आळीतली माणसं यायची.

"घट्ट पेज करून दे वं," तो बायकोला, मैनाबाईला म्हणाला.

"कायले?"

"पोट बरं नाही."

दोन दिवस तो पोटाच्या नावाने पातेलंभर पेज गच्चीवर नेत राहिला. खळ पिऊन लाकूड बसलं, गुळगुळीत झालं. वरून रंगाचे दोन हात दिले, आणि डेक असा दिसला की सून धनश्रीने फोटो काढून माहेरी पाठवले. महिनाभर बाबूलालचे पाय जमिनीवर नव्हते. लग्नानंतर एवढा खूश मैनाबाईने त्याला पाहिला नव्हता.

मग पावसाळा लागला. खळीवरचा रंग लाकडात मुरलाच नव्हता. तो फुगला, त्याच्याखाली पाणी शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. श्रावणात कठड्यावरून मातीची एक बारीक रेघ चढत आलेली दिसली. बाबूलालने ती फडक्याने पुसली. चार दिवसांनी ती पुन्हा आली, त्याने पुन्हा पुसली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची टाच फळीतून आरपार खाली गेली.

जयवंता मिस्त्रीला बोलावलं. त्याने हातोडीने टकटक करत सगळा डेक तपासला. जिकडेतिकडे पोकळ आवाज.

"जुन्या सागाले वाळवी लवकर शिवत नाही, कुशलभाऊ," तो म्हणाला. "तिले इथं कायतरी खायले भेटलं असन." त्याने रंगाचा पापुद्रा नखाने उचलला. खाली पांढरट थर होता. त्याने वास घेतला. "ही त खळ वाटून राहिली. लाकडाले खळ कोन लावते बाप्पा?"

"रंगातलंच काही असन," कुशल म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन मैनाबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. बाबूलालने मान खाली घातली.

"ते तिसरी फळी पाहा बरं," तो कसाबसा म्हणाला. "ते जुनी आहे. पक्की आहे."

वरून ती तशीच आरशासारखी होती. मिस्त्रीने पटाशीचं टोक खालून लावलं आणि फळी पापडासारखी मोडली. आत नुसती माती भरली होती.

खाली आल्यावर मैनाबाईने विचारलं, "पोट बरं नव्हतं न तुमचं?"

"मैना, मीच वाळवीले जेवू घातलं वं," बाबूलाल म्हणाला. "बापाचा माग मीच माह्या हातानं तिच्या ताटात वाढला." आणि तो रडला. वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. मैनाबाई शेजारी बसून राहिली.

दसऱ्याला नवा डेक तयार होता. लाकडाचा रंग, लाकडाच्या रेघा, सगळं प्लास्टिक. मोडक्या फळ्या महापालिकेची कचरागाडी घेऊन गेली होती. बाबूलाल आंघोळ करून सवयीने ताट घेऊन वर आला, दारापासून मोजत तिसऱ्या फळीशी वाकला आणि त्याने हळद-कुंकू वाहिलं. चहाचे कप आणताना धनश्रीला ते दिसलं. कुणी पाय देऊन घसरू नये म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसून घेतलं. फळीवर साधा डागही उरला नाही.

"पाहा बाबा, याच्यावर काहीच बसत नाही," कुशल हौसेने म्हणाला. "पंधरा वर्षं हात लावाची गरज नाही, म्हणते कंपनी."

बाबूलालला बहात्तरावं लागलं होतं. त्याने ताट खाली ठेवलं.

"मंग मी काय करू गा?" त्याने विचारलं.

"काही नाही. आराम करा," कुशल हसून म्हणाला, आणि त्याने बापासाठी प्लास्टिकची खुर्ची ओढली.